रायझन ५ ५६००जीचा असेंबल्ड पीसी: एका पावसाळ्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रत्नागिरीत घरीच जोडलेलं हे मशीन. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५०चा लहान आकाराचा (मायक्रो-एटीएक्स) मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आणि पुढे काच, आत रंगीत पंखे असलेलं स्वस्तातलं कॅबिनेट. काम डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी मजकूर-चित्रांची मांडणी: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या आधी फ्लेक्सच फ्लेक्स.

वेगाबद्दल तक्रार नाही. ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॅट. मोठ्यातला मोठा फ्लेक्स उघडला तरी मशीन कुंथत नाही. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे वेगळं कार्ड घ्यावं लागलं नाही. मात्र ते ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा उचलतं, आणि दोन रॅम असल्या की त्याला दोन्हींकडून एकदम डेटा मिळतो, म्हणून ८-८च्या दोन घ्या, १६ची एकच घेऊ नका. फरक डोळ्यांना दिसतो. आणि दुकानदार जास्त वेगाची जेन ४ एनव्हीएमई गळ्यात मारत असेल तर राहू द्या, हा प्रोसेसर जेन ३च्या पुढे जात नाही.

हे सगळं यूट्यूबवर ढिगानं मिळेल. कॅबिनेटच्या पॉवर बटणाबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि माझं मशीन बंद पाडलं ते त्यानंच.

आषाढात पहिली कुरबुर. बटण दाबलं की पंखे फिरायचे आणि चारेक सेकंदांत सगळं गप्प. थोडं थांबून पुन्हा दाबलं की कधी चालू, कधी तेच. श्रावणात, ऐन फ्लेक्सच्या गर्दीत, मशीन पूर्ण ठप्प. पंखा नाही, कॅबिनेटवर दिवा नाही, बीप नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्यानं न बघताच निकाल दिला, "बोर्ड उडालाय काका, आणून टाका." बोर्ड वॉरंटीत होता, पण त्यासाठी तो कुरियरनं पाठवायचा आणि गणपती होईपर्यंत वाट बघत बसायचं. म्हणून आधी मल्टिमीटर काढला.

एक गोष्ट मीटर लावायच्या आधीच दिसत होती. मशीन बंद असूनही माऊसचा लाल दिवा पेटलेला होता. एसएमपीएसचं मागचं बटण चालू असेल तर मशीन बंद असतानाही तो बोर्डाला स्टँडबायचे ५ व्होल्ट पुरवत असतो, आणि बऱ्याच बोर्डांवर तेच यूएसबीला मिळतात. म्हणजे भिंतीतला प्लग, स्पाइक गार्ड, केबल आणि एसएमपीएसचा निदान एक भाग ठीक. खात्रीसाठी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून २४ पिनच्या कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरीवर टोक टेकवलं: ५.०४. इथे ४.७५ ते ५.२५ चालतं. हिरव्या वायरीवरही व्होल्टेज होतं. बटण दाबलं की बोर्डानं ही हिरवी वायर शून्यावर ओढायची आणि एसएमपीएसनं जागं व्हायचं, असा हा व्यवहार. मी बटण दाबत होतो आणि हिरवी जागची हलत नव्हती.

आता संशयित उरले दोन, बोर्ड आणि बटण. बोर्डाच्या खालच्या कडेला समोरच्या पॅनलच्या पिना असतात. तिथली पॉवर स्विचची जोडी काढली आणि उघड्या पडलेल्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखे भुर्रकन सुरू, स्क्रीनवर लोगो. उडालेला म्हणे बोर्ड!

बटण सोडवून पाहिलं तर आत तो चौकोनी ६ मिलिमीटरचा टॅक्ट स्विच, दाबलं की टिक् करणारा. पायांवर हिरवट बुरशीसारखा गंज, मीटर कंटिन्युइटीवर (जोड लागला की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून दाबलं तर दहात एकदा पीं वाजणार. वरची प्लास्टिकची टोपीही दाबली की आत अडकायची, आणि आषाढातलं कोडं तिथं सुटलं. बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीनं बंद होतं. अडकलेली टोपी नेमकं तेच करत होती. समुद्राच्या खाऱ्या हवेत असले स्विच फार टिकत नाहीत.

तात्पुरता इलाज फुकटचा: रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावली. रीसेट एरवी कोण वापरतं? गणपतीची सगळी कामं त्यावरच निघाली. नंतर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून पाच रुपयांचा स्विच आणून डाग दिला आणि टोपीची कड कानशीनं घासली.

बरेच जण पहिल्यांदा सांगतात ती जेमक्लिपची चाचणी, म्हणजे एसएमपीएस बोर्डापासून सोडवून हिरवी आणि काळी वायर जोडणं, मी मुद्दाम मागे ठेवली. तिच्यात लोड नसतो, त्यामुळे पंखा फिरला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. काहींचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, म्हणजे चांगला नग मेलेला वाटायचा. आणि एसएमपीएसचा डबा उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३००च्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात.

दुसरी तक्रार मेमधली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर जी बारीकशी गळती येते ती अर्थिंगनं जिरवायची असते, आणि आमच्या जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. दोन बादल्या पाणी ओतलं की थांबायचं. वायरमनकडून नवा खड्डा करून घ्यायचाय.

यूपीएसचं मात्र अजून जमलेलं नाही. जुना ६०० व्हीएचा, चौकोनी लहर देणारा आहे. लाइट गेली की कधी मशीन तग धरतं, कधी रीस्टार्ट होतं. या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज लाइनमधून सुरळीत ओढणारं सर्किट) आहे आणि असल्या यूपीएसशी त्याचं नेहमीच पटतं असं नाही. साइन वेव्हचा घ्यायचा म्हटलं तर किंमत बरीच वर जाते.

बाकी प्रोसेसर, रॅम आणि बोर्डाला पैकीच्या पैकी गुण. कॅबिनेटला नापास. दुकानात हे कॅबिनेट बघायला गेलात तर पंख्यांचे रंग सोडा, बटण वीसेक वेळा तिरकं दाबून बघा. कडेला अडकलं तर दुसरं दाखवायला सांगा.