५३ मिनिटांचे नाटक : बीबीसीची आंतरराष्ट्रीय नभोनाट्यलेखन स्पर्धा

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी १९८९ साली सुरू केलेली ही स्पर्धा माझ्या परिचयातल्या मराठी लेखकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. ब्रिटनबाहेर राहणाऱ्या आणि १८ वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही तीत भाग घेता येतो, प्रवेशशुल्क नसते, आणि इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही अशा लेखकांसाठी स्वतंत्र विभाग व स्वतंत्र पारितोषिक असते. या तरतुदीमुळेच मी संहिता पाठवली. पारितोषिक मिळाले नाही. तरीही आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या प्रत्येक लेखकाने एकदा तरी या वाटेला जावे, असे माझे मत आहे.

मी भाग घेतला तेव्हाच्या नियमांनुसार नाटक ५३ मिनिटांचे हवे आणि मुख्य पात्रे सहापेक्षा अधिक नकोत. वाचताना हे साधे वाटते, पण लिहायला बसल्यावर प्रत्येक प्रसंगात त्याचा काच जाणवतो. खोलीत तीन माणसे असली आणि तिसरा दोन पाने गप्प राहिला, तर श्रोत्याच्या लेखी तो केव्हाच निघून गेलेला असतो. त्याला खोकू द्यावे लागते, पान जुळवताना अडकित्ता वाजवू द्यावा लागतो, नाहीतर सरळ बाहेर पाठवावे लागते.

माझ्या नाटकात आत्या घराच्या वाटणीचा कागद भाच्यांपासून लपवते. रंगभूमीवर तिने तो पत्र्याच्या ट्रंकेत टाकला की काम भागले असते. नभोनाट्यात मात्र ‘कागद इथे ठेवते’ असे तिच्याच तोंडून वदवणे फार ढोबळ झाले असते. म्हणून आधीच्या एका प्रसंगात भाचा सहज ट्रंकेची कडी उचलतो, ती करकरते आणि आत्या स्वयंपाकघरातून ओरडते, ‘‘माझ्या ट्रंकेला हात लावायचा नाही!’’ पुढे रात्री तीच करकर ऐकू येते, माजघरात कोणीतरी खोकते आणि आवाज मध्येच थांबतो. तिथे एकही संवाद लागला नाही. अशी दृष्टी, किंवा खरे तर असा कान, मला कोणत्याही कार्यशाळेने दिला नव्हता.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अर्ध्या तासाच्या श्रुतिकेची सवय असलेल्या लेखकाला ५३ मिनिटे एकाच कथासूत्रावर पेलणे जड जाते. मध्यावर दुसरे उपकथानक पुरेसे तापलेले नसेल, तर नाटक तिथेच बसते. संहिता इंग्रजीतच असावी लागते, ही अट मला अजूनही खुपते. आत्याच्या बोलण्यातला कोकणी हेल इंग्रजीत उतरत नाही, हे मान्य करूनच लिहावे लागते. मात्र म्हणून तिच्या तोंडी लंडनच्या दिवाणखान्यातले इंग्रजी घालण्याचे काहीच कारण नाही. वाक्ये आखूड ठेवावीत आणि नात्याची संबोधने तशीच राहू द्यावीत.

विजेत्यांना रोख रकमेबरोबर लंडनला जाऊन आपल्या नाटकाचे ध्वनिमुद्रण पाहता येत असे आणि ते नाटक जगभर प्रसारित होत असे. लेखकाला याहून मोठा लाभ मला सुचत नाही. पुढे होतकरू संहितेसाठी गिओर्गी मार्कोव्ह यांच्या नावाचे पारितोषिकही जोडले गेले. मार्कोव्ह हे बल्गेरियातून परागंदा झालेले लेखक आणि बीबीसीचे सहकारी होते. १९७८ साली लंडनमध्ये त्यांच्यावर विषप्रयोग झाला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. लिहिलेला आणि बोललेला शब्द ज्यांनी जिवावर बेतेपर्यंत सोडला नाही, त्यांचे नाव नवोदितांच्या पारितोषिकाला असणे मला फार योग्य वाटते.

नियम आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे ताजी घोषणा वाचल्याशिवाय लेखन सुरू करू नये. सारांशही जोडावा लागतो. त्यात शेवट न लपवता संपूर्ण कथा सांगावी. आणि पाठवण्यापूर्वी संहिता घड्याळ लावून, विराम व ध्वनिपरिणाम धरून, दोघातिघांकडून मोठ्याने वाचून घ्यावी.