दुसरं युकुलेले: प्लायकडून सॉलिड लाकडाकडे

पहिलं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं लहान वाद्य, बहुधा प्लायचं असतं. सोप्रानो किंवा कॉन्सर्ट या लहान मापांपैकी समोर आलं ते घेतलेलं. त्यावर बोटं बसतात, दोन-चार गाणी तयार होतात, आणि मग एक दिवस कुणाचं तरी सॉलिड लाकडाचं वाद्य हातात येतं. तेच स्वर, तीच कॉर्ड, पण छेडल्यावर आवाज मागे रेंगाळतो. आपण जिला तारेची आस म्हणतो, ती जास्त वेळ टिकते. तिथून शोध सुरू होतो, आणि पैसे मोजकेच असल्यामुळे गोंधळही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या वाद्याचीच महाग आवृत्ती घेतली तर पहिलं कपाटावर जातं आणि दुसऱ्याकडूनही फारसं नवं हाती लागत नाही. पहिल्याला जे जमत नाही ते दुसऱ्याने करावं. म्हणून आधी माप ठरवा, मग ट्यूनिंग, मग बांधणी आणि सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि खाचांची जुळवणी, पाहा. कोणतं लाकूड हा प्रश्न सगळ्यात शेवटी. जाहिराती नेमक्या उलट्या क्रमाने बोलतात.

नुसतं ‘महोगनी’ म्हणजे काय?

प्लाय, म्हणजे लॅमिनेट, हे साधारण तीन पातळ थर गोंदाने चिकटवून केलेलं असतं आणि मधल्या थराचे रेषे आडवे असतात. त्यामुळे ते चिवट होतं, सहसा तडकत नाही, पण थरथरायलाही तितकंसं तयार नसतं. सॉलिड फळी ही ओंडक्यातून सरळ कापलेली, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि दोन्ही भाग शेजारी जोडतात. म्हणून डाव्या-उजव्या बाजूची नक्षी आरशात पाहिल्यासारखी दिसते.

बाजारात तीन पायऱ्या आहेत: पूर्ण प्लाय, फक्त वरची फळी सॉलिड, म्हणजे ‘सॉलिड टॉप’, आणि वरची फळी, पाठ, कडा सगळंच सॉलिड, म्हणजे ‘ऑल सॉलिड’. वर्णनात नुसतं ‘महोगनी’ किंवा ‘अकेशिया’ लिहिलं असेल आणि सॉलिड हा शब्द कुठेच नसेल, तर ते प्लाय समजायचं. महोगनीचा सगळ्यात बाहेरचा पातळ थर असला तरी तसं लिहिता येतं, आणि ते खोटंही ठरत नाही.

वाद्य हातात असेल तर साऊंडहोलची, म्हणजे वरच्या फळीतल्या भोकाची, कड बघा. रेषे वरच्या पृष्ठभागावरून कडेच्या जाडीत सलग उतरत असतील तर फळी सॉलिड. जाडीत वेगवेगळ्या रंगांच्या रेघा दिसल्या तर प्लाय. पाठीसाठी बाहेरची एखादी गाठ किंवा गडद पट्टा हेरून ठेवायचा आणि साऊंडहोलमधून आत तोच सापडतो का पाहायचं.

एकाच कंपनीची दोन वाद्यं

ओहाना कंपनीची सीके-२० आणि सीके-३५ ही दोन मॉडेल शेजारी ठेवली की अर्धा प्रश्न सुटतो. दोन्ही कॉन्सर्ट मापाची, दोन्ही महोगनीची. सीके-२० ची फक्त वरची फळी सॉलिड, सीके-३५ पूर्ण सॉलिड. दोघांच्या किमतीत ठळक फरक असतो. आवाजात तो त्याच प्रमाणात असतो का?

माझ्या कानाला तरी नाही. तारांची थरथर ब्रिजवरून, म्हणजे तारा जिथे वरच्या फळीला बांधलेल्या असतात त्या पट्टीवरून, आधी वरच्या फळीत उतरते आणि आवाजाचं बहुतेक काम तीच करते. पाठ तर वाजवताना आपल्या पोटाला टेकलेली असते, तिला थरथरायला वाव कितीसा? त्यामुळे प्लायपासून सॉलिड टॉपपर्यंतची उडी मोठी वाटते आणि तिथून ऑल सॉलिडची त्यामानाने लहान. झपाझप स्ट्रमिंग करणाऱ्याला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडणाऱ्याला, ही दुसरी उडी कदाचित जाणवणारही नाही. एकेक तार छेडून धून वाजवणाऱ्याला जाणवेल, कारण स्वर सुटा पडला की त्याची आस उघडी पडते.

म्हणून कॉन्सर्टच घ्यायचं असेल आणि हात स्ट्रमिंगचा असेल तर मी सॉलिड टॉपवर थांबेन. टेनर, म्हणजे कॉन्सर्टहून मोठं माप, घ्यायचं असेल तर मात्र आणखी थोडं थांबून ऑल सॉलिड घेईन. मोठ्या पोकळीत पाठ आणि कडा यांनाही बोलायला जागा मिळते.

माप: इथे घाई नको

तारेची वाजती लांबी सोप्रानोत साधारण ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्टमध्ये ३८, टेनरमध्ये ४३ आणि बॅरिटोनमध्ये ४८ ते ५१. नुसते आकडे वाचून काही कळत नाही. बोटांच्या हिशेबाने पाहा. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या फ्रेटची, म्हणजे तिथल्या घराची, रुंदी सोप्रानोवर सुमारे २० मिलिमीटर, टेनरवर २४. तिथे अडचण कुठेच नाही. दहाव्या फ्रेटपाशी मात्र सोप्रानोवर जेमतेम १२ मिलिमीटर उरतात आणि टेनरवर १४ च्या आसपास. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. जाड बोटांच्या माणसाने वर जाऊन तीन बोटांची कॉर्ड धरून पाहावी.

पहिलं सोप्रानो असेल तर दुसरं टेनर, हे माझं सरळ उत्तर. पहिलं कॉन्सर्ट असेल तर टेनर फार वेगळं वाटणार नाही, आणि इथेच ट्यूनिंग कामाला येतं.

नेहमीच्या युकुलेलेत चौथी तार, जी, ही तिसऱ्या तारेपेक्षा उंच असते. सगळ्यात खालचा स्वर तिसऱ्या तारेचा सी, साधारण २६२ हर्ट्झ. युकुलेलेचा तो ओळखीचा, खळखळून हसल्यासारखा आवाज या उलट्या रचनेतून येतो. तीच चौथी तार एक सप्तक खाली उतरवली, म्हणजे लो-जी लावली, की तळाचा स्वर १९६ हर्ट्झवर जातो. व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या तारेचा स्वर तोच. धून आणि तिच्याखालचा आधार दोन्ही एकाच हातात मिळतात. गिटार वाजवणाऱ्यांना हे घरच्यासारखं वाटेल: गिटारच्या पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून खालच्या बाजूच्या चार बारीक तारा छेडल्या की हेच चार स्वर निघतात.

लो-जी सोप्रानोवर लावता येते, पण लहान पोकळीत तो स्वर मलूल पडतो. टेनरवर तो भरून येतो. तेव्हा पहिलं वाद्य उंच जीचं राहू द्या आणि दुसरं लो-जी टेनर करा. एकाच धुनेला दोन वेगळे आवाज मिळतात आणि दोन्ही वाद्यं वापरात राहतात. एक गोष्ट आधी बघून ठेवा. लो-जीची तार जाड असते, नटमधली, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीत बसतात तिच्यातली, खाच तिच्यासाठी किंचित रुंद करावी लागू शकते. गुंडाळीची, म्हणजे वर बारीक धातूची तार गुंडाळलेली, तार घेतली तर खाच फार वाढवावी लागत नाही, पण त्या तारेवरून बोट सरकताना चिरचिर येते. काहींना ती आवडते. मला नाही.

बॅरिटोनची गोष्ट वेगळी. त्याच्या तारा गिटारच्या बारीक चार तारांसारख्याच, डी-जी-बी-ई. गिटारवाल्याला एकही कॉर्ड नव्याने शिकावी लागत नाही. उलट युकुलेलेवरच शिकलेल्याने सीचा आकार धरला की आवाज जीचा येतो, आणि पहिले काही दिवस डोकं चक्रावतं. आवाज गोड आणि खर्जातला. पण युकुलेलेच्या मंडळीत बसून वाजवायचं असेल तर बॅरिटोन दुसरं नको, तिसरं असू दे.

लाकडांबद्दल, थोडक्यात

युकुलेलेचं मूळ लाकूड कोआ. ते फक्त हवाई बेटांवरच उगवतं. १८७९ साली मदेरा बेटावरून रेव्हन्सक्रॅग या जहाजाने होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज सुतारांनी आपलं लहानसं मशेत नावाचं वाद्य तिथल्या लाकडात घडवायला घेतलं, आणि त्यातून आजचं युकुलेले उभं राहिलं. होनोलुलूची कामाका कंपनी १९१६ पासून कोआची वाद्यं बनवते. ती आपल्या अंदाजपत्रकात बसणारी नाहीत, एवढं सांगून पुढे जातो.

कमी खर्चात कोआच्या जवळ जायचं तर अकेशिया. दोन्ही बाभळीच्या नात्यातली, आणि स्वभावही जवळचा: स्वच्छ, थोडा चमकदार आवाज. महोगनी त्याहून मवाळ आणि गोलसर. सपेली हे महोगनीच्याच कुळातलं लाकूड, तिच्याऐवजी सर्रास वापरतात, आणि त्यात वाईट काही नाही. वरची फळी स्प्रूसची असेल तर आवाज खणखणीत आणि लांब जाणारा. सीडरची असेल तर हलक्या हातालाही लगेच दाद देणारा, पण सीडर इतकं मऊ की नखाचा ओरखडा उमटतो. आंब्याच्या लाकडाची युकुलेलेही असतात आणि दिसायला ती फार देखणी.

सॉलिड लाकूड वाजवून वाजवून खुलतं म्हणतात. खुलत असेलही. दरम्यान वाजवणाऱ्याचा हात किती खुललेला असतो, ते वजा कसं करायचं?

कोणाकडे काय

पूर्ण सॉलिड आणि तरी आवाक्यातलं म्हटलं की ओहानाची ३५ क्रमांकाची महोगनी वाद्यं आणि कालाची केए-एसएमएच मालिका आधी पाहावी. दोन्हींत सजावट कमी आणि पैसा लाकडात. कॉर्डोबाचं २०टीएम हे टेनर सॉलिड टॉपच्या पायरीवरचं. आवाजाने मऊ, पहिल्यांदा टेनर धरणाऱ्याला सोपं.

एक पायरी वर पोनो आणि कोअलोहाची ओपिओ मालिका. पोनो ही हवाईतल्या कोओलाऊ या कार्यशाळेची वाद्यं, बनतात इंडोनेशियात, जावावर. ओपिओ बनतात थायलंडमध्ये. दोन्ही पूर्ण सॉलिड, पण वृत्ती भिन्न. पोनो जड हाताची, भरदार, गिटारवाल्यांना चटकन आवडणारी. ओपिओ हलकी, मोकळी आणि मोठ्या आवाजाची. शांतपणे एकट्याने धून वाजवायची असेल तर मी पोनो उचलेन, चारचौघांत गाण्याला साथ करायची असेल तर ओपिओ. कोआचाच हट्ट असेल तर मार्टिनचं सी१के हे मेक्सिकोत बनणारं कॉन्सर्ट पूर्ण कोआचं आहे.

त्याच मार्टिनचं ०एक्सके कोआसारखं दिसतं, पण ते एचपीएल आहे: राळेत दाबून केलेले कागदाचे थर आणि वर लाकडाची छबी. त्याला हसू नका. हवा कशीही असो, ते फारसं हलत नाही.

हवेचं लाकडाशी वैर

सॉलिड लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ते सुखात असतं. हवा ४० च्या खाली बराच काळ राहिली तर फळी आक्रसते, फ्रेटच्या कडा बाहेर येऊन हाताला टोचू लागतात, आणि अती झालं तर फळी रेष्याच्या बाजूने तडकते. हवा फार दमट झाली तर उलटं: फळी फुगून ब्रिज वर येतो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात.

यावरचा उपाय सोपा पण नित्याचा. वाद्य बंद पेटीत, पेटीत लहान आर्द्रतामापक, आणि हवा कोरडी असेल तेव्हा ओलावा देणारी डबी. वाद्य भिंतीवर टांगून, येता-जाता उचलून वाजवायची सवय असेल तर स्वतःशी प्रामाणिक राहा: टांगायचं ते प्लायचं, पेटीतलं ते सॉलिडचं. प्रवासात, गाडीत, मुलांच्या हातात पहिलंच जाऊ द्या. पहिलं विकू नका म्हणतो ते याचसाठी.

सेटअप नसेल तर सगळं फोल

माझं पहिलं सॉलिड टॉप मी नुसतं लाकूड पाहून घेतलं. खुल्या तारा अगदी सुरात, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की स्वर चढायचा. लाकूड निर्दोष होतं. नटमधल्या खाचा पुरेशा खोल केलेल्या नव्हत्या. कानशीने ते पंधरा मिनिटांत सुधारलं. त्याआधीचे दोन महिने मी माझ्याच कानांवर संशय घेत होतो.

घेताना ही तपासणी कराच. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावून पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट असावी, जास्त असेल तर खाच उथळ आहे. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढा, आणि तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही जुळले पाहिजेत. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असली की बोटांना त्रास होत नाही. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा आणि झणझण कुठे येते ते ऐका.

खुंट्या शक्यतो गिअरच्या घ्या. घर्षणावर चालणाऱ्या साध्या खुंट्या हलक्या आणि देखण्या असतात, पण तिथे खुंटी जेवढी फिरते तेवढाच दांडा फिरतो. केसभर जास्त वळली की स्वर पार होतो. आत बसवलेला पिकअपही, म्हणजे स्पीकरला जोडण्यासाठीचं उपकरणही, तूर्त नको. ठरलेल्या पैशांतून तो लाकडाचा आणि मेहनतीचा वाटा खातो, आणि लागलाच तर नंतर बसवता येतो.

वापरलेलं मिळत असेल तर जरूर पाहा. सॉलिड वाद्य एखाद-दोन वर्षं वापरात राहून न तडकता टिकलं असेल, तर ते हवेच्या परीक्षेत एकदा पास झालेलं असतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. कागद आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे.