काकूंचा बंब गपचूप घ्यावा की भाव सांगून?

शेजारी एखादी वस्तू मातीमोल काढतायत आणि बाहेर तिचे तिप्पट येतील हे तुम्हाला पक्कं माहितीय. अशा वेळी एक तर मागतील तेवढे देऊन गुमान उचलायची नि विकून मोकळं व्हायचं, नाहीतर आधीच सांगायचं की काकू, याचे एवढे येतील, मी विकून देतो, त्यातले एवढे माझे. मी दोन्ही केलंय.

पैशात बघाल तर पहिलं सरस, त्यात वादच नाही. आमच्या गावभागात २०१९ च्या महापुरानंतर लोकांनी जे सामान माळ्यावर चढवलं ते तिथंच राहिलं, शेजारच्या काकूंनी सोलर बसवल्यावर त्यातला तांब्याचा बंब मला अडीच हजाराला दिला, मी तोटी बदलली, चिंच-मीठ लावून घासला आणि पाचगणीकडच्या एका होमस्टेवाल्याला नऊ हजाराला दिला. मेहनत माझी, गिऱ्हाईक मी शोधलं, किंमत त्यांनीच सांगितलेली, मग चुकलं काय?

कायद्यानं बहुतेक काहीच नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ साधारण असं म्हणतं की नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, उदाहरण पण आहे, दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव बदलल्याचं आतून कळलं तरी तो दुसऱ्याला सांगायला बांधील नाही. पण तिथंच घोड्याचंही उदाहरण आहे, खोड माहीत असून गप्प राहून लिलावात विकला तर चालतं, घेणारी स्वतःची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगायलाच पाहिजे. आता ज्यांच्याकडं आपण विरजण मागायला जातो त्या काकू व्यापारी की घरच्या, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

माझं ठरलं ते वेगळ्याच कटकटीमुळं. काकू रोज सकाळी गॅलरीतनं विचारायच्या, "काय रे, पाणी कढत येतं का?" पहिल्या दिवशी मी हो म्हणालो आणि तिथंच फसलो, मग थंडीत धूर का दिसत नाही, लाकडं कुठनं आणतोस, पुण्याची सून आलीय तिला दाखवू का. साडेसहा हजारासाठी मी चार महिने मागच्या दारानं ये-जा केली राव!

दुसऱ्या वेळी त्यांचा सागवानी झोपाळा होता, पितळी कड्यांचा. आधीच सांगितलं, चौदा-पंधरा येतील, मला दीड द्या. हा रस्ता सुखाचा आहे असं अजिबात नाही, नातवानं नेटवर बघून पंचवीस हजार काढले, दीर म्हणाले विकूच नका, दोन गिऱ्हाईकं पळाली, शेवटी तेराला गेला तेव्हा दीड महिना गेला होता. पण गॅलरीत उभं राहता येतं.

अनोळखी माणूस किंवा भंगारवाला असेल तर मीही भाव सांगत बसणार नाही, कदाचित. भिंतीला भिंत असेल तर आपलं सांगून टाकलेलं बरं, अर्थात ज्याची त्याची गरज. तोटाही धरून चाला. परवा काकूंनी जुना पितळी तराजू दाखवला, मी भाव सांगितला, तर म्हणाल्या, "एवढे येतात होय? मग राहू दे घरातच."

बंबाचं अजून सांगितलेलं नाही.