सुकं वुड इअर मश्रूम, ५० ग्रॅम पाकीट: माल चांगला, सूचना धोक्याची

‘ब्लॅक फंगस’ या छापील नावाला बिचकू नका. त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराशी याचा संबंध नाही. तुकडे कुरकुरीत कोरडे, भुगा कमी, वास स्वच्छ. १० ग्रॅम भिजून सात-आठ पट फुगतं, चौघांच्या कोशिंबिरीला पुरतं.

चूक पाकिटावरच्या ‘रात्रभर भिजवा’ या ओळीत आहे. कोकणातल्या दमट हवेत, २६-३० अंशांत ओट्यावर राहिलेल्या पाण्यात बर्कहोल्डेरिया जातीचे जिवाणू वाढून बाँगक्रेकिक आम्ल तयार होऊ शकतं. या विषाला ना वास ना चव, आणि ते उकळूनही जात नाही. म्हणून गार पाण्यात ३० मिनिटंच भिजवा. जास्त वेळ हवा तर फ्रीजमध्ये. बुळबुळीत झालं की सरळ फेका, धुऊन वापरू नका.

मग देठाकडचा कडक भाग कापा, वाळू जाईपर्यंत चोळून धुवा, ४-५ मिनिटं उकळा, उकळून गार केलेल्या पाण्यात टाकून नीट निथळा. पाणी राहिलं तर आगळ (कोकमाचा घट्ट रस) पातळ होतं. दोन चमचे आगळ, मिरची, आलं, मीठ. त्याच दिवशी संपवा.

पावसाळ्यात उघडं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवा. मालाला चार तारे, छपाईला शून्य.