साताऱ्यात 'स्कायडायव्हिंग'चे पैसे भरण्याआधी हे वाचा

'टॅन्डम स्कायडायव्हिंग आता आपल्या साताऱ्यात', म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन विमानातून उडी, अशी जाहिरात सध्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर फिरतेय. तुमच्या घरातलं कोणी त्याला भुललं असेल, तर पैसे भरण्याआधी त्या लोकांना एवढंच विचारा, की विमान कुठल्या धावपट्टीवरून उडणार? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथूनच मागे फिरा. आमचे २९,८०० रुपये गेले. पण ज्या साहित्यात ते माणसांना बांधतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि पैशांपेक्षा मला त्याची जास्त धास्ती वाटते.

माझ्या भाच्याला कराडला नोकरी लागली. विमानातून उडी मारायचं वेड त्याला शाळेपासून. पहिला पगार हातात पडल्यावर "आत्या, तूपण चल" म्हणाला, आणि मला मनापासून आनंद झाला. पन्नाशीत असं काही करायला मिळतंय म्हणून मी खरंच हरखले होते.

पोवई नाक्याजवळच्या एका इमारतीत त्यांचं ऑफिस होतं. टेबलावर हेल्मेट मांडलेली, टीव्हीवर सारखे उड्यांचे व्हिडिओ. मुलगा बोलायला नम्र. पंधरा ऑगस्टची ऑफर चालू होती, माणशी १४,००० आणि विम्याचे ९०० वेगळे. "मॅडम, स्लॉट दोनच उरलेत," असं म्हणत त्याने क्यूआर कोड पुढे केला. पैसे गेले ते एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. पावतीवर ना जीएसटी क्रमांक, ना विम्याच्या पॉलिसीचा नंबर. पॉलिसी मागितली तेव्हा "उडीच्या दिवशी मिळते" असं उत्तर आलं.

त्या व्हिडिओंबद्दल एक गोष्ट सांगते. साताऱ्याच्या आभाळातून खाली येताना अजिंक्यतारा दिसायला हवा, यवतेश्वरचा घाट दिसायला हवा, माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम दिसायला हवा. त्यांच्या एकाही व्हिडिओत डोंगर नाही. खाली सगळी सपाट, तपकिरी जमीन. ते व्हिडिओ भलतीकडचे आहेत आणि त्यावर यांनी आपलं नाव चिकटवलंय. तुम्हाला असा व्हिडिओ दाखवला तर खालची जमीन नीट बघा.

मग सुरू झाल्या तारखा. ऑगस्टमधली तारीख पावसामुळे गेली. पुढची 'दसऱ्यानंतर', त्यापुढची 'दिवाळी झाल्यावर'. या फसवणुकीतली खरी मेख इथेच आहे. हवामानामुळे उडी रद्द होणं या खेळात खरोखरच नेहमीचं असतं. ढग खाली आले किंवा वारा वाढला तर चांगला प्रशिक्षक विमानात पाऊलसुद्धा ठेवत नाही. त्यामुळे 'हवामान खराब आहे' म्हटलं की कोणालाच शंका येत नाही, उलट माणसं काळजी घेतायत असं वाटतं. आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं, पैसे परत हवे असतील तर बुकिंगपासून ४५ दिवसांच्या आत मागावेत. भर पावसाळ्यात, साताऱ्यात धुकं आणि भुरभुर चालू असताना ऑफर काढायची, म्हणजे ते ४५ दिवस हवामानातच संपतात.

दिवाळीनंतर अखेर बोलावणं आलं. कोरेगाव रस्त्याच्या आत एका माळावर. तिथे धावपट्टी नव्हती, विमान नव्हतं. एक पिकअप उभी होती, तिच्या मागे लांब दोर आणि दोराच्या टोकाला जमिनीवर पसरलेली रंगीत छत्री. भाच्याने विचारलं, "विमान कुठाय?" तर तिथला माणूस म्हणतो, "पुण्याला सर्व्हिसिंगला गेलंय. आज हे करा. पॅराशूट तेच, आभाळ तेच."

तेच नाही. स्कायडायव्हिंगमध्ये विमान साधारण दहा हजार फुटांवर नेतं. नवख्या माणसाचा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज, खांद्यांशी दोन आणि कमरेशी दोन अशा चार जागी प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडलेला असतो. अर्ध्या मिनिटाच्या आसपास दोघं ताशी जवळजवळ २०० किलोमीटर वेगाने खाली येतात, मग पाच हजार फुटांच्या सुमारास छत्री उघडते. ती उघडली नाही तर दुसरी, राखीव छत्री असते. प्रशिक्षक बेशुद्ध पडला तरी ठराविक उंचीखाली वेग कमी झालेला नसेल तर ती राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र बसवलेलं असतं. पिकअपला दोर बांधून माणूस वर ओढतात त्याला पॅरासेलिंग म्हणतात. तो वेगळाच खेळ आहे, आणि दोन-तीनशे फुटांवर काही बिघडलं तर सावरायला वेळच नसतो.

मी तो हार्नेस हातात घेऊन बघितला. मांडीच्या पट्ट्याची मूळ शिवण उसवलेली होती आणि तिच्यावरून साध्या नायलॉनच्या दोऱ्याने टाके घातलेले, पोतं शिवतात तसे. एक कडी इतकी गंजली होती की तिचा खटका अंगठ्याने दाबून बंद करावा लागत होता, आणि सोडला की परत अर्धवट उघडा राहत होता. हेल्मेटला हनुवटीखालचा पट्टाच नव्हता. हे मी बघत असताना आमच्या आधीच्या एका कॉलेजच्या मुलीला वर नेलं. उतरताना वाऱ्याने छत्री फिरली आणि ती मुलगी ढेकळांतून फरपटत गेली. दोन्ही गुडघे सोलवटले. तिच्या आईला ते लोक म्हणाले, "पहिल्या वेळी होतं असं." प्रथमोपचाराची पेटीसुद्धा तिथे नव्हती. माझ्या पर्समधल्या रुमालाने मी रक्त पुसलं.

आम्ही दोघांनी हार्नेस घालायला नकार दिला आणि पैसे परत मागितले. त्यांनी ४५ दिवसांची अट पुढे केली. शिवाय एक इंग्रजी फॉर्म दाखवला, अपघाताची सगळी जबाबदारी ग्राहकाची असं लिहिलेला. सही करणाऱ्यांपैकी कितींनी तो वाचला असेल? असा कागद कोणी पुढे केला तर सही करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. आणि सही झालेली असली तरी घाबरू नका, निष्काळजीपणा अशा कागदाने धुतला जात नाही.

ज्यांना खरंच विमानातून उडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी ती सोय देशात आहे. हरियाणात नारनौलजवळ बाछोदच्या धावपट्टीवर स्कायडायव्हिंग चालतं, उज्जैनला मध्य प्रदेश पर्यटन विभाग स्कायडायव्हिंगचा महोत्सव भरवतो. तिथे एका उडीला पंचवीस-तीस हजार लागतात, कारण विमान आणि इंधन लागतं. चौदा हजारांत ते बसत नाही. आपल्याकडे पाचगणीत पॅराग्लायडिंग वर्षानुवर्षं चालतं, तिथे मनापासून शिकलेले, वारा बघून नाही म्हणणारे पायलट आहेत. या भामट्यांमुळे त्यांच्याही पोटावर पाय येतो, याचं मला वाईट वाटतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ सालचं आहे आणि असा व्यवसाय करणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. ज्याच्याकडे असतं तो आनंदाने दाखवतो.

आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिलाय. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी ते पैसे रोखण्याची शक्यता कमी. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील नसला तरी चालतं. आमचा दावा दाखल झालाय, पुढची तारीख यायची आहे. दरम्यान पोवई नाक्यावरच्या ऑफिसची पाटी उतरलीय, पण तेच व्हिडिओ घेऊन दुसऱ्या नावाने जाहिरात परत सुरू झालीय.

त्या दिवशी माळावर आमच्याबरोबर सांगलीहून आलेलं एक कुटुंब होतं, आणि ती गुडघे फुटलेली मुलगी आणि तिची आई. हे तुमच्यापर्यंत पोहोचलं तर पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि तिथे काढलेले फोटो पुसू नका. हार्नेसचे फोटो आमच्याकडे आहेत, पण ती मुलगी फरपटली त्याचा व्हिडिओ तिच्या मैत्रिणीने काढलेला मी पाहिला होता. तो पोलिसांपर्यंत पोहोचायला हवा. तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यातही अर्ज देता येतो, त्यासाठी साताऱ्याला यावं लागत नाही.