नुसता फिल्टर की पूर्ण इनटेक?

भाच्याने चिपळूणला सेकंडहँड पोलो जीटीआय घेतली, 1.8 लिटर टर्बो. परवा विचारत होता, "मामा, कापसाचा फिल्टर टाकू की पूर्ण कोल्ड एअर इनटेक?" म्हणजे इंजिनात बाहेरची थंड हवा आणणारं पाइप आणि फिल्टरचं अख्खं किट.

खर्चात तुलनाच नाही. फिल्टर मूळ डब्यातच बसतो, दहा मिनिटांचं काम. किटला पैसे कितीतरी पट जास्त, शिवाय वॉरंटीचा प्रश्न. ताकद म्हणशील तर रीमॅपशिवाय (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलल्याशिवाय) दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. किटचा उघडा, शंकूसारखा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. 30 ऐवजी 50 अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, म्हणजे उलट तोटाच. आवाज मात्र किटचाच भारी!

पण आपल्याकडे खरा मुद्दा पाण्याचा. बऱ्याच किटचं तोंड बंपरमागे खाली असतं. जुलै 2021 चा पूर आठव. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

धूळही बघ. मी डब्यात बोट फिरवलं, तर जांभ्याची लाल पूड नखात बसली. कापसाचा फिल्टर धुऊन वापरता येतो, पण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. धुतल्यावर त्याला तेल लावावं लागतं; ते जास्त झालं तर आत येणारी हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर खराब होऊ शकतो.

रोज चिपळूण-रत्नागिरी करणाऱ्याने फिल्टरच घ्यावा, नाहीतर मूळ कागदीच वेळेवर बदलावा. रीमॅप केलेली, पावसाळ्यात घरी उभी राहणारी गाडी असेल तर बंद डब्याचं किट घ्यायला हरकत नाही.