मूळ कागदपत्रे एजन्सीच्या कपाटात

पावसाळा लागला की गडचिरोली जिल्ह्यात मलेरियाचे रुग्ण वाढतात आणि तालुक्याच्या गावांतील लहान खासगी दवाखान्यांना दोन-तीन महिन्यांपुरत्या परिचारिका हव्या असतात. जीएनएम हा परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम केलेल्या मुलींना अशी कामे बहुधा एजन्सीमार्फत मिळतात. सगळ्याच एजन्सी लबाड नसतात. परंतु ज्या एजन्सीने मला पाठवले, तिचे फोन अजूनही भंडारा-गोंदियाकडील मुलींना जात असल्यामुळे तिची पद्धत सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

पगार दरमहा 22 हजार रुपये ठरला होता, राहणे-जेवण दवाखान्याकडे. रुजू होण्यापूर्वी तिन्ही वर्षांच्या मूळ गुणपत्रिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि सही केलेला कोरा चेक ‘पडताळणी’ व ‘सिक्युरिटी’ या नावाखाली जमा करून घेण्यात आला. पोच मागितली, तेव्हा “मॅडम, फाईल इथंच असते, कुठं जाते?” एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक पडताळणी नोंदणी क्रमांकावरून कौन्सिलकडे करता येते. त्यासाठी मूळ कागद कोणाच्या कपाटात ठेवण्याचे कारणच नाही.

काम खरे होते, रुग्ण खरे होते, म्हणून संशयाला जागा उरली नाही. पहिल्या महिन्याला गणवेश, कमिशन आणि पीएफ अशी कपात दाखवून निम्माही पगार हाती आला नाही. पुढे तर “दवाखान्याने बिल अडकवले आहे” असे ऐकवण्यात येऊ लागले. अखेर दवाखान्याच्या हिशेबनिसांनी स्वतःच रजिस्टर माझ्यापुढे उघडून धरले. प्रत्येक महिन्याचे बिल वेळेवर चुकते झालेले होते, आणि माझ्या नावापुढे लिहिलेली रक्कम 31 हजार होती. पीएफपोटी मूळ वेतनाच्या 12 टक्के कापल्याचे सांगितले गेले होते, पण माझ्या नावाचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांकसुद्धा काढलेला नव्हता.

थकलेला पगार मागताच भाषा बदलली. करार मोडल्याचे 50 हजार भरा, नाहीतर चेक बँकेत टाकून तो न वटल्याची कलम 138 ची केस करू, अशी धमकी देण्यात आली. पगार बुडवणे ही फसवणूक खरीच, परंतु मुलींना गप्प बसवते ती कपाटातली फाईल, कारण मूळ प्रमाणपत्राविना दुसरीकडे मुलाखतीलाही उभे राहता येत नाही. माझ्यासोबतच्या दोघी याच भीतीने पगारावर पाणी सोडून गावी परतल्या.

मी चेकचे पेमेंट थांबवण्याचा अर्ज बँकेत दिला, कागदपत्रे अडकवल्याची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात केली आणि मस्टरच्या पानांचे फोटो जोडून सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. पोलिसांचा फोन जाताच फाईल परत मिळाली. कोरा चेक मात्र त्यात नव्हता, आणि पगाराच्या अर्जावर अद्याप तारखाच पडत आहेत.